मेणातली चेन

थोरलीने मागच्या आठवड्यात मोटारसायकलवर बसलेला तिचा फोटो पाठवला. गाडी चिखलाने अशी माखली होती की मूळ रंग कोणता ते कळेना. बुटांचीही तीच गत. फोटोखाली एकच ओळ होती: "आजी, आजोबा चेनला काय लावायचे गं?"

आजोबा तेव्हा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि नातीच्या चेहऱ्याकडे न बघता थेट मागच्या चाकाकडे बघितलं.

"चेन ढिली आहे," ते म्हणाले. "आणि तेलाचं किटण बघ केवढं साचलंय. सांग तिला."

"तुम्हीच सांगा की."

"मी कशाला? गाडी माझी होती. चेन तुझी होती."

हे मात्र खरं आहे. म्हणून मीच लिहायला बसले. धाकट्या नातवाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा थोरलीने त्याला वाचून दाखवावं, आणि वाचताना मधलं गाळू नये.

आधी कामाचं सांगते, मग आठवणी.

थोरलीच्या गाडीची चेन आमच्यासारखी नाही. तिच्या कड्यांमध्ये रबराच्या बारीक चकत्या असतात आणि त्या आत भरलेलं ग्रीस धरून ठेवतात, असं मी अलिबागच्या गॅरेजवाल्याला मुद्दाम विचारून घेतलं. म्हणून पेट्रोलने धुवायची नाही, तारेच्या ब्रशने घासायची नाही, आणि पुढे मी जे सांगणार आहे ते तर मुळीच करायचं नाही. रॉकेलचा बोळा, मऊ ब्रश आणि कोरडं फडकं एवढं पुरे. गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असते, तेव्हाच तेल लावावं, निघायच्या घाईत नाही. खालच्या पदराला, आतल्या बाजूने, चाक हाताने उलटं फिरवत लावायचं. मग थोडा वेळ थांबून बाहेरचं सगळं पुसून काढायचं. बाहेर चकाकणारं तेल चेनच्या उपयोगाचं नसतं, वाळूच्या उपयोगाचं असतं. आणि चाक फिरवताना इंजिन बंदच पाहिजे. आजोबांच्या डाव्या करंगळीला नख का नाही ते त्यांना विचारा. मी सांगितलं तर रागावतील.

झालं कामाचं.

चिखलातून गाडी चालवायला तुमच्याकडे लोक सुट्टी काढून लांब लांब जातात, हे ऐकून आजोबा बराच वेळ हसत होते. आमच्याकडे त्यासाठी कुठे जावं लागत नसे. दार उघडलं की तोच रस्ता.

मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा माझ्याकडे इंग्रजी विषयातली बी.ए.ची पदवी होती आणि पुण्यातल्या सपाट रस्त्यांची सवय होती. इथे नारळी-पोफळींच्या मागे लगेच समुद्र. आजोबा गुरांचे डॉक्टर. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक होती, पण जनावर काही दवाखान्यात येत नाही, डॉक्टरलाच गोठ्यात जावं लागतं. त्यासाठी त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली होती. चेनवरचं पत्र्याचं झाकण खाऱ्या हवेने कुजून आधीच गळून पडलेलं होतं, त्यामुळे चेन उघडी होती.

डोंगराच्या पलीकडे, भातशेतीच्या गावात, एक हायस्कूल होतं. तिथे इंग्रजीला शिक्षक टिकत नसे, कारण खिंडीतून एस.टी. जात नव्हती. ती जागा मला मिळाली. आजोबांची फेरी त्याच बाजूला असायची. ते मला सकाळी शाळेत सोडणार आणि संध्याकाळी घेऊन येणार, असं ठरलं.

सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजींनी, नाही म्हटलं नाही. त्यांनी अट घातली. ओटीवर तांदूळ निवडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "शिकलीस ते वाया घालवू नये. जा शाळेत. पण माझी सून बंद पडलेल्या गाडीपाशी भर रस्त्यात उभी, आणि येणारा-जाणारा विचारतोय, काय झालं हो वहिनी, हे मला चालायचं नाही. गाडी ज्या दिवशी वाटेत बसेल, त्या दिवशी शाळा पुरे."

"गाडी बसायची नाही," मामंजी, म्हणजे माझे सासरे, वर्तमानपत्रामागून म्हणाले. "मी आहे ना."

शाळेचीही अट होतीच. पहिलं वर्ष पारखायचं. शिक्षण खात्याचे साहेब येणार, वर्गात बसणार, आणि त्यांना पटलं तर नोकरी कायम होणार. तोवर उशीर चालणार नाही, हे हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सांगितलं होतं. घरची अट म्हणा की शाळेची, दोन्ही त्या उघड्या चेनवर अडकलेल्या होत्या. मला ती नोकरी फार हवी होती. घरात मला दिवसभर काम असे, पण शाळेतच मी मी असे. याहून नीट मला सांगता येत नाही.

रस्ता असा होता. ओहोटी असली की वाडीच्या मागून सरळ किनाऱ्यावर उतरायचं आणि ओल्या कडक वाळूवरून जायचं. तेव्हा सगळेच जात, बैलगाड्यासुद्धा. पुढे खाजणाचा, म्हणजे खाऱ्या दलदलीचा बांध, तिथे काळा चिखल. मग खिंडीची चढण, तिथे तांबडी धूळ इतकी की मागे बसणाऱ्याच्या भुवया रंगत. एका फेरीत चेनला वाळू, मीठ, चिखल आणि धूळ, चारही मिळत. भरती असली तर खाडीला वळसा घालून जावं लागे, त्या दिवशी अंधारात निघायचं. आमच्या स्वयंपाकघरात भरती-ओहोटीचं कॅलेंडर लावलेलं असे आणि त्यावर माझी शाळा चालत असे.

आता खोबरेलाबद्दल सांगायला हवं.

मामंजींचा देवावर होता तितकाच खोबरेलावर विश्वास होता. स्वतःच्या वाडीतले नारळ, स्वतः वाळवलेलं खोबरं, समोर उभं राहून घाण्यावर काढून आणलेलं तेल. ते डोक्याला, समईला, अडकित्त्याला, दाराच्या बिजागरीला, विहिरीच्या रहाटाला, सासूबाईंच्या शिवणयंत्राला आणि भिंतीवरच्या घड्याळाला चाले. कुलूप अडलं, घाल खोबरेल. कान दुखला, घाल खोबरेल. बाजारातलं तेल घरात आणणं म्हणजे वाडीचा अपमान. तेव्हा मुलाची गाडी आली, सून तिच्यावर बसून नोकरीला निघाली, तशी मामंजींनी चेनची जबाबदारी आपणहून घेतली. रोज संध्याकाळी गाडी आली की पितळी झारी घेऊन ते उकिडवे बसत आणि चेनला तेल पाजत. 'घालत' नव्हे, 'पाजत', त्यांचाच शब्द. जमिनीवर ओघळ आला की त्यांचं समाधान होई.

"आता कशी खूश आहे बघ," म्हणत.

आधी ती खूशच होती. मग कुरकुरायला लागली. कुरकुरली की मामंजी जास्त पाजत. जास्त पाजली की ती वाळू जास्त धरे. आजोबांना हे दिसत नव्हतं असं नाही, पण वडिलांच्या हातातून झारी कशी काढून घेणार? आणि माझ्या साड्यांच्या काठावर मिरी सांडावी तसे बारीक काळे ठिपके दिसायला लागले. चाक फिरलं की तेल उडे. सासूबाई धुणं वाळत घालताना ते ठिपके नखाने खरवडून बघत.

मार्गशीर्षातली एक सकाळ. कोकणात थंडी म्हणजे काय, तर खोबरेल थिजतं. अंगणात गाडी काढली तेव्हा चेनवर पांढरट साय धरली होती आणि तिच्यात वाळू अशी बसली होती जशी चिक्कीत दाणे. किनाऱ्यापर्यंत गेलो. बांधही पार केला. खिंडीच्या मध्यावर आल्यावर खटाखट आवाज झाला, गाडीने एक हिसका दिला आणि चेन दातांवरून उतरून लोंबायला लागली. कड्या इतक्या ताठ झाल्या होत्या की ती वाकडीच्या वाकडी राहत होती, सुकलेल्या बोंबलासारखी.

आजोबांनी काड्या घालून, ओढून, कशीबशी ती परत चढवली. मी शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. हेडमास्तरांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी साहेब येतायत."

घरी सांगायचं नाही असं काही आम्ही ठरवलं नव्हतं. पण दोघांनीही तोंड उघडलं नाही. जेवायला बसताना सासूबाईंनी लेकाच्या हातांकडे बघितलं. नखांच्या कडांतून काळं गेलं नव्हतं.

"हात कशाने काळे झाले रे?"

"म्हैस तपासत होतो."

"म्हैस काळी असते. तिचा रंग लागत नाही."

आजोबांनी हात मागे घेतले. मामंजींनी घास तसाच धरून ठेवला.

"कुठे बसली?" सासूबाईंनी विचारलं.

"खिंडीत," मी म्हणाले. "बसली नाही, चेन उतरली. लगेच चढवली. कुणी बघितलं नाही."

"कुणी बघितलं नाही हे तुला कसं कळलं? खिंडीत झाडामागे चार गुराखी असतात." त्यांनी माझ्या पानात आमटी वाढली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "मी बोलले होते."

"साहेब येतायत शुक्रवारी," मी म्हणाले. "तेवढं होऊ दे. मग पुन्हा उतरली तर मी स्वतः राजीनामा लिहीन. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

त्यांनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. मग लेकाला म्हणाल्या, "रविवारी गाडीचं काय ते धड करा. आणि काळं धुवायला माझा साबण घेऊ नका."

रविवारी सकाळी आम्ही चेन काढली. चेनला एका जागी कुलूप असतं, छोटीशी क्लिप. ती उघडली की चेन सुटते. परत बसवताना क्लिपचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला ठेवायचं, मासा पोहतो तसं. हे आजोबांनी मला त्या दिवशी दाखवलं आणि मी ते कधी विसरले नाही. चेन घमेल्यात ठेवून वर रॉकेल ओतलं. मी ब्रशने घासायला लागले आणि रॉकेल बघता बघता काळं झालं. ते ओतून दुसरं घेतलं, तेही काळं झालं. तळाशी जे बसलं ते तेल नव्हतं. बोटाने चोळलं तर करकरत होतं.

"ही अर्धी चौपाटी आहे," आजोबा म्हणाले.

मामंजी खांबाला टेकून उभे होते. त्यांचं खोबरेल रॉकेलने धुतलं जात होतं, आणि त्यांना ते बघवतही नव्हतं नि तिथून जाववतही नव्हतं. "खोबरेलाने कधी कुणाचं वाईट केलेलं नाही," ते म्हणाले.

"वाईट नाही केलं, बाबा. ते सगळ्यांना चिकटून राहिलं."

"मग आता काय घालणार? कोरडी चालवणार?"

तोच प्रश्न होता. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी आदल्या दिवशी वाचून काढलं होतं. त्यात जाड तेल सांगितलं होतं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याने डांबरी रस्ता धरला होता, समुद्र नव्हे. आजोबा म्हणत ग्रीस लावू. मामंजी म्हणत थोडं कमी खोबरेल. मी म्हणत होते की जे ओलं असेल ते वाळू धरणारच, मग ते वाडीचं असो की कंपनीचं. वाद ओटीवर चालला होता आणि मागे माजघराची खिडकी करकरत होती. सासूबाई ती ओढत होत्या. खारी हवा पिऊन लाकूड फुगलं होतं.

आम्हाला वाटलं त्या रागावून खिडकी आपटतायत. त्या आत गेल्या, देवघरातून मेणबत्तीचा तुकडा घेऊन आल्या आणि खिडकीच्या कडेवर खसाखसा घासला. मग खिडकी एका बोटाने सरकवून दाखवली. आम्हाला नव्हे, स्वतःलाच.

मामंजी म्हणाले, "खोबरेल लावलं असतंस तर—"

"लावलं होतं ना तुम्ही! गेल्या वर्षी. धूळ बसून खिडकी अशी रुतली की चैत्रापर्यंत उघडली नाही." त्या मेणबत्ती कमरेला खोचून आत जायला निघाल्या. "मेण बरं. कोरडं असतं. कुणाला धरत नाही."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी घमेल्यातल्या चेनकडे बघितलं.

"आई," आजोबा म्हणाले, "तुझी एखादी जुनी कढई आहे का?"

कढई मिळायला दुपार झाली. सासूबाईंची कढई म्हणजे काय साधी गोष्ट होती! शेवटी बूड काळं पडलेली, कान मोडलेली एक त्यांनी दिली आणि "पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही" असं बजावलं. घरातल्या सगळ्या मेणबत्त्या गोळा केल्या. मागच्या अंगणात चुलीवर परातीत पाणी ठेवलं, पाण्यात कढई, कढईत मेण. नुसत्या जाळावर मेण ठेवलं तर पेटतं. मेण वितळून पाण्यासारखं झालं तेव्हा धुवून, पुसून, उन्हात सुकवलेली चेन मी जिलबीसारखी गोल करून हळूच आत सोडली. तिच्या प्रत्येक कडीतून बुडबुडे यायला लागले.

"काढू का?" मी विचारलं.

"थांब," मागून आवाज आला. सासूबाई केव्हा येऊन उभ्या राहिल्या कळलं नव्हतं. "बुडबुडे येतायत तोवर आतून कच्ची आहे."

त्या चेनकडे करंजी तळताना बघत तशा बघत होत्या. बुडबुडे कमी झाले, मग एखादाच उरला, मग तोही थांबला. "आता काढ," त्या म्हणाल्या. तारेच्या आकड्याने चेन उचलून मी पेरूच्या फांदीला लटकवली. मेण निथळलं आणि थंड झाल्यावर तिचा रंग बदलला, फिकट आणि मुका. हात लावला तर हाताला काही लागेना. मामंजी जवळ आले, त्यांनीही बोट लावलं, बोटाकडे बघितलं, आणि हळहळत म्हणाले, "उपाशी दिसते बिचारी."

सोमवार ते गुरुवार आम्ही कान देऊन गाडी चालवली. आवाज नाही. संध्याकाळी मी नुसत्या कोरड्या ब्रशने चेन झाडायची, धूळ पिठासारखी खाली पडे.

शुक्रवारी मी माझी चांगली साडी काढली, पांढरी, हिरव्या काठाची. सासूबाई म्हणाल्या, "ती नेसू नकोस, काठाचं वाटोळं होईल." मी नेसलेच. ओहोटी होती. किनारा चकचकीत होता, वारा मागून होता. बांध ओलांडला, खिंड लागली, चढण सुरू झाली, आणि बरोबर मध्यावर एक शेतकरी दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला.

"डाक्टर, थांबा थांबा! म्हस अडलीया. पहाटंपासनं बसलीय, उठतच न्हाय."

आजोबांनी गाडी थांबवली. अडलेली म्हैस वाट बघत नाही, आणि साहेबही नाहीत.

"कुठे आहे?"

"शाळंच्या वरल्या आंगाला. तुमच्या वाटंवरच हाय की. आदी बाईंना सोडा, मग माझ्याकडं चला. पन मला घ्या गाडीवर, पळून पळून माझाच जीव चाललाय."

"कुठे बसणार तुम्ही?" मी विचारलं.

"मी मधी बसतो, बाई मागं बसा. बाई, घट्ट धरा. मला नको, गाडीला!"

असे आम्ही तिघं खिंड चढलो. गाडी मुंगीच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये, तांबडी धूळ उडवत. मी एका हाताने मागची दांडी आणि दुसऱ्या हाताने काठ धरला होता आणि सगळं लक्ष खाली, चेनकडे. आता खटकन होईल, आता होईल. तो शेतकरी मात्र मधे बसून गप्पा मारत होता.

"डाक्टर, गाडी बदलली का?"

"नाही, तीच."

"मग वरडत कशी न्हाय? गेल्या हप्त्यापातुर तुमची गाडी खिंडीत आली की आमची कुत्री उठायची. आता चार दिस झाले, कुत्री झोपल्यात."

आजोबा इतके हसले की गाडी हलली. खिंडीचा माथा आला, गेला, उतार लागला.

शाळेच्या व्हरांड्यात हेडमास्तर आणि साहेब उभे होते. पांढऱ्या साडीतल्या इंग्रजीच्या बाई तिहेरी सीटवरून, एका उघड्या अंगाच्या माणसाच्या मागून उतरल्या. त्या क्षणी शिपायाने घंटा दिली. हेडमास्तरांनी सवयीने घड्याळाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"रोज अशाच येता?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. रोज दोघंच असतो."

साहेब शेवटच्या बाकावर बसले. मी मुलांना तुम्ही शाळेत कसे येता ते इंग्रजीत सांगायला लावलं. एक मुलगी उठून धीटपणे म्हणाली, "आय कम बाय फूट. टीचर कम्स बाय फटफटी." साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. जाताना त्यांनी हेडमास्तरांना काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही, पण हेडमास्तरांनी त्या दिवशी मला स्वतःच्या कपातला चहा दिला.

संध्याकाळी आजोबा आले ते हातात चिकाची चरवी घेऊन. रेडकू जिवंत होतं, म्हैसही उठली होती. घरी आल्यावर सासूबाईंनी चीक आत नेला, बाहेर आल्या, आणि "कसं झालं" असं न विचारता माझ्या साडीचा काठ हातात घेतला. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. उलटून बघितला. धूळ होती, तांबडी. काळा ठिपका एकही नव्हता.

"झटकून घडी घाल," त्या म्हणाल्या. "धुवायला नको."

एवढंच. अटीचा विषय पुन्हा निघाला नाही. कायम झाल्याचा कागद पुढे यथावकाश आला आणि मामंजींनी देवापुढे खोबरेलाचा दिवा लावला. तिथे ते कुणाला खटकलं नाही.

पावसाळ्यात मेण टिकत नसे, ते चिखलपाण्याने निघून जाई. तेव्हा जाड तेल लावत असू, पण थेंबाथेंबाने, आणि पुसून. दसऱ्यानंतर पुन्हा कढई. रविवारचं हे काम माझं होऊन गेलं. आता खिंडीत डांबरी रस्ता आहे. शनिवार-रविवारी काशीदला जाणारी मुलं वाळूत गाड्या घुमवून आमच्या दारावरून परत जातात, तेव्हा आजोबा झोपाळ्यावरूनच आवाज ऐकून सांगतात, "ह्याने वाळू खाल्लीय." आमची गाडी विकून फार काळ लोटला. कढई आहे. तिच्या आतल्या कडेला मेणाची रेघ अजून आहे आणि ती मी घासू देत नाही.

पण एक राहिलंच.

त्या शुक्रवारनंतरच्या कुठल्यातरी सकाळी मी शाळेसाठी वेणी घालत होते. कोर्लईहून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायला येत असे. ती ख्रिस्ती होती. सासूबाई तिच्याशी वांग्यांवरून भांडत. त्या दिवशी भांडण लवकर संपलं, आणि मग सासूबाईंचा आवाज खाली आला.

"तुमच्या देवळात मेणबत्त्या लावतात ना? त्यांचे बुडखे उरतात, त्यांचं काय करता?"

"टाकतात. का वो काकू? घरात दिवे नाय काय?"

"दिवे आहेत. आमच्या सूनबाईला शाळेत जायचं असतं."

"शाळेत लई अंधार हाय काय?"

"तुला नाही कळायचं," सासूबाई म्हणाल्या. "दर रविवारच्या आत आणून देत जा." आणि त्यांनी तिच्या टोपलीत, वांग्यांच्या वर, सोललेला नारळ ठेवला.